मागे जायची सोय

त्या ऑफिसात त्याला सगळ्या ‘जावई’ म्हणत. ऑफिस हे आपलं म्हणायला. दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर दोन खोल्या; पुढच्या खोलीत चार टेबलं आणि चार बायका, मागच्या खोलीत मावशींची खुर्ची, चहाची किटली आणि मनात आलं तरच चालणारा प्रिंटर. खालून दिवसभर दात कोरायच्या यंत्राची किरकिर वर यायची. त्या चौघींतली एक त्याची बायको. ती तिथली लेक, म्हणून हा जावई. “जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात,” मावशी आल्यागेल्याला सांगायच्या, “पण आमचा ग्रह फुकटात वेबसाइट सांभाळतो. वर प्रिंटरही.” तो हसायचा. कौतुक त्याला आवडायचं, आणि त्यात काही वावगंही नव्हतं.

काम साध्या शब्दांत सांगायचं तर असं. ज्या बायकांना घरात मार बसतो त्यांनी फोनवरून गुपचूप लिहायचं, इकडून या चौघींपैकी एकीनं उत्तर द्यायचं. ऐकून घ्यायचं, धीर द्यायचा, आणि जिला निघायचंच आहे तिला गाडी पाठवून मावशींच्या सुरक्षित घरात आणायचं. हे सगळं मावशींनी उभं केलं तेव्हाच त्यांनी बजावलं होतं: आपल्याकडे कुणाचं नाव नको, पत्ता नको, नंबर नको. जे आपल्याकडे नाहीच ते कुणी आपल्याकडून काढून घेऊ शकत नाही. जावयानं ते मनापासून पाळलं होतं. बोलणं संपलं की सगळं पुसलं जायचं.

पानाच्या कोपऱ्यात एक लाल बटण होतं. जिन्यात पाऊल वाजलं की ते दाबायचं. बोलणं गायब आणि समोर हवामानाचं पान. आज ढगाळ, उद्या ऊन. बघणाऱ्याला वाटावं, बाई वारा-पाऊस बघत बसली आहे. खरं तर ती साइट सोडून कुठेच गेलेली नसायची. हल्लीच्या साइट आतून एकाच पानाच्या असतात. वरचा पत्ता बदलतो, आतला पडदा बदलतो, आणि ‘मागे’ दाबलं तर कुठे न्यायचं याची नोंद साइट स्वतःच ब्राउझरकडे करून ठेवते. मावशींना हे समजेना तेव्हा त्यानं चहाच्या बश्यांची चळत करून दाखवली होती. दर नव्या पानाला वर एक बशी. मागे दाबलं की वरची बशी निघते, खालची दिसते. “आपलं बटण नवी बशी ठेवतच नाही, मावशी. बोलण्याची बशी उचलून त्याच जागी हवामानाची ठेवतं. खाली काही उरतच नाही. मग कुणी कितीही मागे दाबू दे.”

“आता बश्या धुऊन ठेवा, जावईबापू,” मावशी म्हणाल्या. पण त्यांना पटलं होतं.

मग शिवणवाली आली. हे नाव त्याच्या बायकोनं ठेवलेलं. ती घरी शिवणकाम करायची आणि दुपारी लिहायची. फोन कापडाच्या ढिगाखाली, एक हात अक्षरांवर, पाय मशीनच्या पायट्यावर. बाहेरच्या खोलीत सासू. मशीन थांबलं की सासू हाक मारायची, म्हणून ही बाई रिकाम्या चिंधीवर टाके घालत घालत आपलं दुःख लिहायची. नवऱ्यानं तिचा हात एकदा दारात चेपला होता. एकदा ती पोलीस चौकीत जाऊन आली होती. तिथल्या लोकांनी तिला समजूत घालून, गाडीत बसवून परत त्याच घरी आणून सोडलं होतं. तेवढ्यावरही ती गप्प बसली असती, कारण बायका बसतात. पण आता तो मुलीवर हात उचलू लागला होता, आणि मुलीला घेऊन तिला निघायचं होतं.

अडचण अशी की बाहेर भांडं पडलं तरी तिचं बोट लाल बटणावर जायचं. ते गेलं की सगळं गेलं. परत आली की नवं बोलणं, कधी समोर नवी बाई, आणि सुरुवातीला खूण. खूण म्हणजे प्रत्येकीनं पहिल्या दिवशी सांगून ठेवलेलं एक उत्तर, जे तिला आणि या चौघींनाच माहीत. ते कुठे लिहून ठेवायचं नाही, डोक्यात ठेवायचं; बोलण्यात आलं तरी वाचून लगेच पुसायचं. दर वेळी आधी तो प्रश्न, बरोबर उत्तर आलं तरच पुढचं बोलणं. खुंटा हलवून बळकट करायची मावशींची सवय, दुसरं काय. पण खूण सांगून झाली की शिवणवालीला पुन्हा दार, पुन्हा हात, पुन्हा मुलगी, सगळं सांगावं लागायचं. एक दिवस तिनं लिहिलं, “ताई, रोज पहिल्यापासून सांगायचं म्हणजे रोज पहिल्यापासून मार खाल्ल्यासारखं वाटतं. आता नाही लिहीत मी.”

त्या संध्याकाळी जावयाची बायको घरी आली ती चपलासुद्धा न काढता स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तो भांडी घासत होता.

“तिला परत येता आलं पाहिजे,” ती म्हणाली. “बटण दाबून गेली तरी मागे आलं की सगळं जिथल्या तिथे. अर्धं लिहिलेलं वाक्यसुद्धा.”

“अगं, पण मग बोलण्याची बशी खाली राहणार.”

“राहू दे ना! हवामान बघून मागे कोण जातं?”

“कुणीही जाईल.”

“तू गेलास कधी? पाऊस आहे का बघतो आणि फोन ठेवतो माणूस.” ती तशीच उभी. “अरे, ती गेली ना आता, तर कायमची जाईल. मग तुझं ते बटण घेऊन काय पूजा करायची आहे?”

त्यानं नळ बंद केला. खरं सांगायचं तर त्याला ते काम खुणावत होतं. दिवसा तो एका कंपनीत दुकानांच्या साइट बनवायचा, आणि तिथलं पहिलं ब्रीद हेच: गिऱ्हाईक भटकून परत आलं की त्याची टोपली भरलेलीच दिसली पाहिजे, जिथे बोट होतं तिथेच पान उघडलं पाहिजे. माणसाचं केलेलं पुसून टाकणं हा त्या धंद्यात गावंढळपणा समजतात. लाल बटणाचं ते पुसून टाकणं त्याला पहिल्यापासून थोडं खुपतच होतं. दोन संध्याकाळी बसून त्यानं सोय करून टाकली. बायकोच्या फोनवर बटण दाबलं, हवामान आलं; मागे दाबलं, बोलणं आलं, अर्धवट वाक्यापुढे रेघ लुकलुकत होती. बायकोनं टाळ्या वाजवल्या. मावशींनी विचारलं, “धोका नाही ना?” दोघं एका सुरात म्हणाली, “तसा नाही.”

माणसं वाईट नव्हती. चूक केली ती एवढीच की फोन ज्याच्या हातात असेल ती बाईच असेल असं धरून चालली. लाल बटण ज्याच्यासाठी होतं तोच नेमका त्यांच्या हिशेबातून सुटला. आणि त्या चुकीच्या पोटात दुसरी एक चूक वाढत होती, ती तर कुणी केल्याचंही कुणाला कळलं नाही. बोलणं तुटतच नाही म्हटल्यावर खूण विचारायची वेळच येईना. तेच बोलणं पुढे चालू आहे, वर तिचीच वाक्यं दिसताहेत, मग ‘तुम्ही कोण’ म्हणून काय विचारायचं? धागा तोच म्हणजे माणूस तेच, असं चौघींच्या अंगवळणी पडलं.

शिवणवाली मात्र पुन्हा एकदा आली, नवी सोय तिला कळली, आणि ती खुलली. बटण दाबून जायची, भाजी टाकून यायची, मागे दाबून पुढचं लिहायची. जावयाची बायको घरी येऊन त्याला सांगायची, आज हसली रे ती, आज मुलीच्या दप्तराबद्दल लिहिलं. बेत ठरला. सासूचे डोळे तपासायचे होते, नणंद तिला घेऊन जाणार होती, नवरा कामावर. त्या दुपारी मुलीला घेऊन निघायचं. कुठे भेटायचं ते मात्र आधी सांगायचं नाही, बाई दारापर्यंत आली की मगच. हा मावशींचा जुना नियम आणि तो अजून पाळला जात होता.

त्या दुपारी जावई योगायोगानंच तिथे होता. प्रिंटरनं पुन्हा मान टाकली होती आणि त्यानं कंपनीतून अर्धी रजा काढली होती. मागच्या खोलीत तो शाईनं हात माखून बसलेला, पुढच्या खोलीत बायकोनं कीबोर्ड बडवल्याचा आवाज. मधूनच ती मोठ्यानं मावशींना बातमी देत होती. “सासू गेली. मुलगी आली शाळेतून. दप्तरात कपडे भरतेय.” मग बराच वेळ काही नाही. “बटण दाबलं वाटतं. कुणीतरी आलं असेल.” मग, “आली! आली परत. तयार आहे म्हणते, कुठे येऊ विचारतेय.”

“सांग,” मावशी म्हणाल्या.

तिनं सांगितलं. पाण्याच्या टाकीजवळचा बसथांबा, पांढरी गाडी, चालवणारे काका, केस पांढरे. मावशींनी काकांना फोन लावला आणि निघा म्हणाल्या.

जावई हात पुसायला फडकं शोधत पुढच्या खोलीत आला. बायकोच्या खांद्यावरून त्याची नजर पडद्यावर गेली. बोलण्याच्या कडेला बारीक अक्षरात एक पट्टी होती, त्यानंच केलेली, समोरची बाई बोलण्यात आहे की हवामानात हे कळावं म्हणून. एरवी तिथे ‘बाहेर’ आणि खाली ‘परत’ एवढंच दिसायचं. आज तिथे होतं: बाहेर. परत. बाहेर. परत. बाहेर. परत. बाहेर. परत. आणि त्यानंतर बराच वेळ नुसतं ‘परत’, काही न लिहिता.

घाबरलेली बाई एकदा जाते आणि एकदा येते. असं पुढे-मागे, पुढे-मागे कोण करतं? ज्याच्या हातात नवी वस्तू आली आहे आणि ती काय करते हे जो बघतोय, तो. हवामान मिटवायला त्यानं सवयीनं मागे दाबलं असेल, जसं जग दाबतं. स्वतःच्या बायकोचं बोलणं समोर आलं असेल. पुन्हा पुढे केलं, ढग आले. पुन्हा मागे, बायको आली. आणि मग तो शांतपणे बसून वरपासून खालपर्यंत सगळं वाचत होता: सासूचे डोळे, नणंद, दप्तर. जे जे जपून ठेवलं होतं ते सगळं.

“खूण विचार,” तो म्हणाला.

“काय?”

“खूण विचार तिला. आत्ताच्या आत्ता.”

बायकोनं वळून त्याच्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे. तिनं खुणेचा प्रश्न लिहिला. पलीकडे कुणीतरी लिहीत होतं, थांबत होतं, लिहीत होतं. उत्तर त्याला सापडणार नव्हतं. ते दर वेळी वाचून लगेच पुसलं गेलं होतं. शेवटी आलं:

“कसली खूण.”

आणि लगेच: “ती आत आहे. फोन माझ्याकडे आहे. गाडी आणा तुमची. बघतो मीपण कोण कोण येतंय ते.”

त्यानंतर पट्टीवर काहीच आलं नाही.

मावशींनी काकांना वाटेतच थांबवलं आणि पोलिसांना फोन केला. पलीकडचा अधिकारी भला माणूस निघाला, त्यानं सगळं ऐकून घेतलं. नाव काय? माहीत नाही. पत्ता? नाही. नंबर? आम्ही ठेवत नाही. “मावशी, घरी शिवणकाम करणाऱ्या बायका शहरात किती असतील?” त्यानं विचारलं, आणि ते चिडून नव्हे, खरोखरच विचारलं. जावई कोपऱ्यातल्या संगणकापाशी बसून काहीतरी सापडतं का ते शोधत होता. एखादा माग, एखादा आकडा. त्यानं स्वतःच इतकं नीट पुसलं होतं की त्याला स्वतःलाही काही सापडेना. बायको त्याच्या पाठीशी उभी राहून सारखं म्हणत होती, “बघ ना अजून. बघ ना.” तो बघत होता.

साध्या कपड्यातले दोन पोलीस बसथांब्यावर जाऊन उभे राहिले. कुणी आलं नाही. असली माणसं घरात शूर असतात, पण खुळी नसतात.

त्याच दिवशी अंधार पडायच्या आत जावयानं ती सोय उखडून टाकली. ज्यांच्या फोनवर जुनं पान उघडं होतं त्यांचीही पानं सर्व्हरवरून तोडली. लाल बटण पुन्हा पहिल्यासारखं झालं, दाबलं की मागे काहीच नाही. चार ओळींचं काम होतं. घालायला दोन संध्याकाळी लागलेलं काढायला काहीच वेळ लागला नाही, आणि त्याला या गोष्टीचा इतका संताप आला की त्यानं प्रिंटरला लाथ घातली. प्रिंटर बिचारा त्यातला नव्हता.

घरी दोघं एकमेकांशी नीट बोलत होती. फार नीट. मीठ दे, दिवा मालव, उद्या लवकर जायचंय. तिनं त्याला ‘तू केलंस’ म्हटलं नाही आणि त्यानं तिला ‘तू सांगितलंस’ म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. भांडून तरी मोकळी झाली असती. ती रोज दुपारी इतरांची बोलणी घेत राहिली आणि प्रत्येक नव्या बोलण्याच्या पहिल्या शब्दाला दचकत राहिली.

आणि बऱ्याच दिवसांनी एका दुपारी ते आलं. नवं, कोरं बोलणं.

“ताई, मी. मशीनवाली.”

त्या दिवशी जावई कंपनीत होता. बायकोचा फोन आला, ती नुसतं “ये” म्हणाली. तो धावत पोचला तेव्हा चौघी आणि मावशी एकाच पडद्याभोवती उभ्या होत्या. बायकोनं खूण विचारली होती. उत्तर आलं होतं. बरोबर आलं होतं, तिच्या त्या नेहमीच्या शब्दांत.

“तीच आहे,” बायको म्हणाली. तिची बोटं कीबोर्डवर होती. “मावशी, तीच आहे. जागा सांगू? काकांना फोन करा.”

मावशी खुर्ची ओढून बसल्या. बाई दगडाच्या काळजाची नव्हे, पण त्या वेळी त्यांचा आवाज दगडासारखा आला. “खुणेचा प्रश्न त्यानं त्या दिवशी वाचलाय, पोरी. उत्तर त्याच्याच घरात होतं. इतके दिवस होतं. ते काढून घ्यायला त्याला कितीसा वेळ लागला असेल?”

खालचं यंत्र तेवढं कुणाच्या तरी दाढेत फिरत होतं.

“दुसरं काहीतरी विचारू,” बायको म्हणाली. “मुलीच्या दप्तराचा रंग.”

“त्याला माहीत नसेल?”

“हाताचं विचारू. कुठल्या बोटाला…” ती थांबली. ते तर त्यालाच सगळ्यांत चांगलं माहीत होतं. जे जे तिला माहीत ते ते विचारता येत होतं, आणि तिला जे माहीत ते तिच्याकडून काढून घेता येत होतं. बायकोनं जावयाकडे पाहिलं. तू सांग, तू करतोस ना ही यंत्रं, असं त्या नजरेत होतं. पलीकडे कोण बसलंय हे सांगणारं यंत्र त्याच्याकडे नव्हतं. कधीच नव्हतं.

“गाडीत काका असतात,” मावशी म्हणाल्या. “सुरक्षित घरात नऊ जणी आहेत, पोरं आहेत. विषाची परीक्षा मी घेणार नाही. तिला लिही, पोलिसांकडे जा म्हणावं. मी त्या अधिकाऱ्याशी बोलून ठेवते, आता नीट घेतील. आपण जागा सांगायची नाही.”

“ती चौकीत जाऊन आलीय, मावशी. तिला परत आणून सोडलं होतं.”

“माहीत आहे मला.”

पडद्यावर आलं, “ताई, आहात का?”

बायकोनं लिहिलं. एकेक अक्षर बोटानं ढकलत लिहिलं. की आता गाडी पाठवता येणार नाही. की मोठ्या चौकीत जा, अमुक अधिकाऱ्यांना भेटा, आम्ही त्यांना सांगून ठेवतो. की स्वतःला जपा. जावई तिच्या मागे उभा होता. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिनं तो झटकला नाही, पण तिला तो जाणवलाही नाही.

मग उत्तर आलं.

“बरं ताई.”

आणि पट्टीवर ‘बाहेर’. पुन्हा पहिल्यासारख्या झालेल्या बटणाप्रमाणे बोलणं पुसलं गेलं, पडदा कोरा झाला. मावशी उठून आतल्या खोलीत गेल्या. बाकीच्या तिघी आपापल्या टेबलांकडे वळल्या, कारण तिथेही कुणीतरी लिहीत होतं.

“तो असेल,” जावई म्हणाला. “अगं, तोच असेल. जागा काढायला आला असेल.”

बायको कोऱ्या पडद्याकडे बघत राहिली.

“तो असता तर भांडला असता,” ती म्हणाली. “पाठवा म्हणाला असता, रडल्याचं सोंग केलं असतं, शिव्या दिल्या असत्या. ‘बरं ताई’ म्हणून गप्प कोण जातं, सांग ना मला. कोण जातं?”

असं कोण जातं हे तिला माहीत होतं आणि आता त्यालाही माहीत होतं.